झाडे चेंडूसारखी का काढली? शैलीबद्ध निसर्गचित्राचे वाचन

चित्रप्रदर्शनात आधुनिक निसर्गचित्रासमोर थांबलेल्या प्रेक्षकाला बहुधा दोन शंका येतात. असे गुळगुळीत डोंगर आणि अशी चेंडूसारखी झाडे कोठे असतात काय, ही पहिली. आणि चित्रकाराला ती जशीच्या तशी काढता येत नव्हती म्हणून त्याने अशी काढली काय, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत, कारण निसर्ग सर्वांनीच पाहिलेला असतो आणि म्हणून निसर्गचित्राची पडताळणी करणे कोणालाही शक्य वाटते. पूर्णतः अमूर्त चित्रासमोर प्रेक्षक ही पडताळणी सोडून देतो. परंतु ज्या चित्रात डोंगर, नदी आणि रस्ता स्पष्ट ओळखू येतात आणि तरीही ते पाहण्यातल्या डोंगरनद्यांशी जुळत नाहीत, तेथे तो अडखळतो. प्रस्तुत प्रकरणात अशा एका चित्राचे वाचन टप्प्याटप्प्याने केले असून त्यासाठी एकच सूत्र हाताशी धरले आहे: चित्रकाराने स्वतःवर घालून घेतलेला नियम आधी शोधावा आणि मग तो नियम चित्रात कोठे मोडला आहे ते पाहावे.

१. चित्राची ओळख

उदाहरणासाठी घेतलेले चित्र ग्रँट वुड या अमेरिकन चित्रकाराने १९३० साली रंगवलेले ‘स्टोन सिटी, आयोवा’ हे आहे. लाकडी फळीवर तैलरंगात केलेले हे चित्र सुमारे ७७ सेंटिमीटर उंच आणि १०२ सेंटिमीटर रुंद असून ते नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथील जॉस्लिन कलासंग्रहालयात आहे. वुडचा जन्म १८९१ मध्ये आयोवा राज्यातील अॅनामोसा या गावाजवळच्या शेतावर झाला, आणि स्टोन सिटी हे खाणींचे खेडे तेथून जवळच आहे. म्हणजे चित्रातील प्रदेश त्याला बालपणापासून ठाऊक होता. १९३० मध्येच त्याने ‘अमेरिकन गॉथिक’ हे हातात त्रिशूळासारखे शेती-अवजार घेतलेल्या शेतकऱ्याचे आणि त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र रंगवले, आणि त्याचे नाव देशभर झाले.

‘स्टोन सिटी’मध्ये उंचावरून पाहिलेली एक दरी दिसते. मध्यभागी नदी आणि तिच्यावरील पूल, पुलाजवळ अगदी लहान दिसणारा घोडेस्वार, पुलाच्या पलीकडे वळणे घेत टेकडीवर चढणारा रस्ता, चुनखडीच्या दगडांची घरे, एक पवनचक्की, दगडाची खाण, आणि पुढच्या भागात ओळीने उगवलेली कोवळी रोपे, असा त्यातील ऐवज आहे. यांपैकी एकही वस्तू काल्पनिक वाटण्याजोगी नाही. नवल आहे ते त्यांच्या घडणीत: टेकड्या फुगीर आणि गुळगुळीत आहेत, झाडे गोलाकार आहेत, आणि सारा देखावा नुकताच झाडूनपुसून ठेवल्यासारखा स्वच्छ आहे.

२. शैलीकरण म्हणजे काय

दिसणाऱ्या वस्तूचे रूप एखाद्या ठरावीक नियमाने सोपे करणे, काही तपशील गाळणे, काही वाढवणे आणि हाच नियम चित्रभर सातत्याने पाळणे, या क्रियेला शैलीकरण म्हणतात. आणि अशा नियमाने घडलेले चित्र ते शैलीबद्ध चित्र होय. मराठी घरांत ही क्रिया रोज सकाळी उंबऱ्याबाहेर चालते. ठिपक्यांच्या रांगोळीतील कमळ तळ्यातील कमळाशी पाकळीगणिक जुळत नाही, त्याच्या पाकळ्या ठिपक्यांच्या संख्येने ठरतात, त्या सर्व सारख्या असतात आणि त्यांना जाडी नसते. तरीही ते कमळच आहे हे ओळखण्यात कोणाची चूक होत नाही आणि कमळ चुकले अशी तक्रारही कोणी करीत नाही. प्रेक्षकाला तेथे ठिपक्यांचा नियम माहीत असतो, म्हणून तो रांगोळीची तुलना तळ्याशी करीत नाही. एखादी ओळ ठिपका सोडून गेली, तर मात्र ती त्याच्या नजरेला लगेच खुपते.

शैलीबद्ध निसर्गचित्रात अडचण एवढीच असते, की त्यातील ठिपके पुसलेले असतात. नियम असतो, परंतु तो लिहिलेला नसतो आणि परंपरेने पाठही झालेला नसतो. प्रत्येक चित्रकार तो नव्याने घडवतो आणि प्रेक्षकाला तो चित्र पाहूनच शोधावा लागतो. येथे शैलीकरण आणि अमूर्तीकरण यांतील भेदही ध्यानात ठेवावा लागतो. अमूर्तीकरणात वस्तूची ओळख मागे पडते आणि रंग, रेषा व आकार स्वतंत्रपणे बोलू लागतात. शैलीकरणात वस्तूची ओळख कायम राहते, फक्त तिचे रूप नियमात बसवलेले असते.

३. चित्रकाराला जसेच्या तसे काढता येत होते काय

दुसऱ्या शंकेचे उत्तर चित्रकाराच्या आधीच्या कामात मिळते. वुडने १९२० च्या दशकात अनेकदा युरोपचा प्रवास केला, पॅरिसमधील अकादमी ज्युलियाँ या कलाशाळेत शिक्षण घेतले, आणि अनेक वर्षे दृक्प्रत्ययवादी पद्धतीची निसर्गचित्रे काढली. दृक्प्रत्ययवाद म्हणजे एखाद्या क्षणी प्रकाश जसा डोळ्यांना जाणवतो तसा तो सुट्या, मोकळ्या फटकाऱ्यांनी टिपण्याची फ्रेंच चित्रकारांनी रूढ केलेली पद्धती. या पद्धतीत वस्तूंच्या कडा विरघळतात आणि झाडाची पाने वेगळी न दिसता त्यांच्यावरील प्रकाश दिसतो. ती पद्धत वुडला चांगली अवगत होती, आणि तरीही त्याने ती सोडली.

हा बदल घडण्यास १९२८ चा म्युनिकचा प्रवास बव्हंशी कारण ठरला. सीडर रॅपिड्स या शहरातील युद्धस्मारक इमारतीसाठी रंगीत काचेची एक भव्य खिडकी तयार करण्याचे काम वुडकडे आले होते आणि त्या कामासाठी तो जर्मनीला गेला. तेथील संग्रहालयात त्याने पंधराव्या-सोळाव्या शतकांतील फ्लेमिश आणि जर्मन चित्रकारांची, विशेषतः हान्स मेमलिंगची चित्रे पाहिली. या जुन्या चित्रांत रंगांचे पातळ थर एकावर एक चढवलेले असतात, कुंचल्याचा फटकारा दिसत नाही, आणि पाठीमागच्या टेकडीवरील झाडही पुढच्या माणसाच्या अंगरख्याइतकेच काळजीपूर्वक रेखलेले असते. याखेरीज लहानपणी घरात पाहिलेल्या, निळ्या रंगात विलो वृक्ष आणि पूल चितारलेल्या चिनी मातीच्या बश्यांचाही त्याच्या झाडांवर संस्कार झाला, असे अभ्यासक दाखवून देतात. तात्पर्य, ‘स्टोन सिटी’तील गोल झाड हे हात न वळल्याचे लक्षण मानता येत नाही; दुसरे झाड काढता येत असूनही हे निवडले गेले, आणि निवड आहे म्हटल्यावर तिच्यामागे कारणही असले पाहिजे.

४. नियम शोधणे

चित्रातील नियम शोधण्यासाठी चार साधे प्रश्न क्रमाने विचारता येतात: आकार कोणते आहेत, पाहणारा कोठे उभा आहे, स्पष्टता कशी वाटली आहे, आणि नजर कोणत्या वाटेने फिरते.

आकारांपासून प्रारंभ केला, तर ‘स्टोन सिटी’त गोलाईचे राज्य असल्याचे ताबडतोब कळते. टेकड्यांची पाठ गोल, झाडांचे शेंडे गोल, रस्ता व नदीकाठ वळणदार. आयोवाचा हा भाग मुळातच चढउतारांचा आहे, त्यामुळे गोलाई चित्रकाराने शून्यातून आणलेली नाही. जमिनीत असलेला गुण त्याने वाढवला आणि त्याला विरोध करणारे काटेकुटे, घळी, ओबडधोबड बांध गाळून टाकले. पुढच्या भागातील रोपांच्या नियमित ओळींचेही तसेच आहे. त्या काळी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात मका दोन्ही दिशांना समान अंतर ठेवून लावण्याची पद्धत होती, कारण त्यामुळे उभी आणि आडवी अशी दोन्हीकडून कोळपणी करता येई. विदर्भातील कापूस उत्पादकांना हीच रीत चौफुली म्हणून परिचित आहे. प्रेक्षकाला जे नक्षीकाम वाटते, त्यातील काही भाग शेतीच्या व्यवहारातूनच आलेला असतो, आणि म्हणून शैली म्हणजे वास्तवाशी काडीमोड असे समजण्याची घाई करू नये.

दुसरा प्रश्न पाहणाऱ्याच्या जागेचा आहे. क्षितिजरेषा, म्हणजे जमीन आणि आकाश जेथे भेटतात ती रेषा, या चित्रात बरीच वर आहे आणि आकाशाला थोडीच जागा उरली आहे. क्षितिज खाली ठेवले असता आकाश मोठे होते आणि माणूस त्याखाली उघडा पडल्यासारखा भासतो. क्षितिज वर नेले असता जमिनीचा विस्तार चित्र व्यापून टाकतो आणि पाहणाऱ्याला सारा मुलूख एका नजरेत आवाक्यात आल्याचा दिलासा मिळतो. वुडला जमीन महत्त्वाची होती, हे या एका निर्णयावरून सांगता येते.

तिसरा प्रश्न स्पष्टतेचा. प्रत्यक्षात दूरचे डोंगर हवेतील धूळ आणि बाष्प यांमुळे निळसर व अंधूक दिसतात. हा परिणाम चित्रात आणण्याच्या युक्तीला वातावरणीय यथादर्शन म्हणतात, आणि यथादर्शन म्हणजे सपाट पृष्ठावर खोलीचा आभास निर्माण करण्याची रीत. वुडने ही युक्ती फारच थोडी वापरली आहे. दूरची टेकडी जवळच्या टेकडीइतकीच रेखीव आहे, त्यामुळे देखावा एका क्षणी पाहिल्यासारखा न वाटता पुष्कळ दिवस पाहून, आठवून, नीट मांडल्यासारखा वाटतो. तिरप्या प्रकाशाने पडलेल्या लांब सावल्या मात्र प्रत्येक गोल आकाराची जाडी दाखवतात, आणि म्हणून ही झाडे सोपी केलेली असूनही सपाट वाटत नाहीत.

चौथा प्रश्न नजरेच्या वाटेचा. रोपांच्या ओळींवरून नजर खाली पुलापाशी उतरते, घोडेस्वाराजवळ क्षणभर थांबते आणि वळणाच्या रस्त्याने वर टेकडीकडे जाते. चित्रातील घटकांची अशी मांडणी, की जिच्यामुळे नजर विशिष्ट क्रमाने फिरावी, तिला रचना म्हणतात. या रचनेत माणूस वाटेवर आहे, परंतु तो इतका लहान आहे की देखाव्याचा मालक वाटत नाही. चारही उत्तरे एकत्र केली म्हणजे नियम हाती येतो: जमिनीचे रूप गोल, भरीव, स्पष्ट आणि निगा राखलेले असावे, आणि माणसाने त्यात आपल्या मापाने राहावे.

५. अपवाद शोधणे

नियम सापडल्यावर बहुतेक प्रेक्षक थांबतात आणि चित्र शांत व सुखद आहे असा निष्कर्ष काढून पुढे सरकतात. खरे वाचन येथून सुरू होते. जेथे सर्वत्र गोलाई आहे, तेथे सरळ आणि टोकदार काय आहे, हे पाहिले असता दोन गोष्टी पुढे येतात: दगडी घरांच्या कडा आणि खाणीचा कापलेला दगड. घरे टेकड्यांच्या वळणांत बसवलेली आहेत, त्यामुळे त्यांचे कोपरे खुपत नाहीत. खाण मात्र टेकडीच्या अंगात शिरलेली आहे आणि तिच्या कडांनी गोलाईचा प्रवाह तुटतो. शिवाय या गावाची घरे खाणीतल्याच दगडाची असल्यामुळे, चित्रातील दोन सरळ गोष्टी एकाच दगडाच्या आहेत: एका ठिकाणी दगड काढल्याची खूण आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो रचल्याची. खाणीभोवती कामाची लगबग दिसत नाही. पुढच्या भागात मात्र पीक उगवते आहे.

चित्रकाराने याचा अर्थ कोठे लिहून ठेवलेला नाही, परंतु चित्रानेच तुलना मांडून दिली आहे. एक व्यवसाय जमिनीला छेद देऊन थांबलेला आहे आणि दुसरा तिच्या वळणाने चालू आहे. हा तर्क बरोबर आहे की नाही, हे ठरवण्यासाठी चित्राबाहेर जावे लागते.

६. गाव आणि काळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टोन सिटीच्या चुनखडीला मोठी मागणी होती. रेल्वेने दगड बाहेर जाई आणि खाणीच्या पैशावर गावात भक्कम इमारती उभ्या राहिल्या. पुढे पोर्टलँड सिमेंटपासून केलेले काँक्रीट स्वस्त पडू लागले, घडवलेल्या दगडाची मागणी घटली आणि गावाची भरभराट ओसरली. वुडने हे गाव रंगवले तेव्हा ते एक लहानशी वस्ती उरले होते. खाणीची कडा आणि पुढील कोवळे पीक यांच्या तुलनेला अशा रीतीने गावाच्या इतिहासाचा आधार मिळतो.

काळाचा संदर्भ अधिक व्यापक आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदीला सुरुवात झाली; आयोवाच्या शेतकऱ्यांना तर पहिल्या महायुद्धानंतर धान्याचे भाव उतरल्यापासूनच झळ बसत होती. याच काळात ट्रॅक्टर शेतात येत होता, परंतु वुडच्या देखाव्यांत घोडा टिकून आहे. ‘स्प्रिंग टर्निंग’ या १९३६ च्या चित्रातही अवाढव्य हिरव्या टेकड्यांवर ठिपक्याएवढी माणसे जनावरांच्या साहाय्याने नांगरताना दिसतात. याचा अर्थ वुड शेतीची बातमी देत नव्हता. संकटाच्या दिवसांत तो एका सुस्थितीतल्या, स्वयंपूर्ण शेतीजीवनाची प्रतिमा घडवीत होता. युरोपीय नवकलेच्या अनुकरणाऐवजी आपल्या प्रदेशाचे विषय रंगवणाऱ्या या अमेरिकन प्रवाहाला प्रदेशवाद म्हणतात. वुडने १९३२ आणि १९३३ च्या उन्हाळ्यांत याच स्टोन सिटीत चित्रकारांची वसाहतही चालवून पाहिली.

प्रत्यक्ष शेतकऱ्याला हे चित्र कसे वाटले, याविषयी एक हकीकत सांगितली जाते. चित्र पाहून एका शेतकऱ्याने अशा जमिनीला एकरी ३५ सेंटसुद्धा आपण देणार नाही, असा शेरा मारला म्हणे. हा शेरा चित्राची थट्टा म्हणून सांगितला जातो, पण त्यात एक नेमके निरीक्षण आहे. शेतकऱ्याने जमीन जोखली, आणि इतक्या तीव्र उताराची जमीन कसण्यास अवघड असते हे त्याला दिसले. चित्रकाराने मात्र उतार वाढवला तो गोलाई दाखवण्यासाठी. दोघांची मापे निराळी होती, एवढेच.

७. तीच शैली, निराळा परिणाम

गोल आकार म्हणजे सुख आणि टोकदार आकार म्हणजे दुःख, अशी तयार कोष्टके वापरण्याचा मोह अनेकांना होतो. वुडच्याच एका चित्रामुळे ही कोष्टके निरुपयोगी ठरतात. १९३५ साली त्याने ‘डेथ ऑन द रिज रोड’ हे चित्र रंगवले, आणि ते मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या संग्रहालयात आहे. त्यातही गुळगुळीत हिरवी टेकडी आहे आणि वळणाचा रस्ता आहे, परंतु त्या रस्त्यावर टेकडीच्या माथ्यावरून एक लाल ट्रक खाली येत आहे आणि समोरून काळी मोटार रस्त्यावर तिरपी झाली आहे. टक्कर अजून झालेली नाही, पण ती टळणार नाही. रस्त्याकडेचे खांब कलले असून ते क्रुसासारखे दिसतात आणि आकाश काळवंडलेले आहे.

‘स्टोन सिटी’त वळणाचा रस्ता घोडेस्वाराच्या चालीला साजेसा होता, म्हणून वळण निवांत वाटले, मोटारीच्या वेगाला तेच वळण घातक ठरले. आकाराला स्वतःचा कायमचा अर्थ नसतो, शेजारी काय ठेवले आहे त्यावर तो ठरतो, हे येथे सिद्ध होते.

८. अर्थ लावण्याच्या तीन कसोट्या

एकाच चित्राचे अनेक अर्थ निघतात आणि वुडच्या निसर्गचित्रांचेही निघाले आहेत. काहींना त्यांत हरवत चाललेल्या शेतीजीवनाची ओढ दिसते. काहींना खेळण्यासारख्या झाडांत मिश्कील थट्टा दिसते. काही अभ्यासकांना ‘स्प्रिंग टर्निंग’च्या टेकड्यांत भूमीचे स्त्रीदेह म्हणून केलेले चित्रण दिसते. एच. डब्ल्यू. जॅन्सन या कलेतिहासकाराने तर १९४० च्या दशकात प्रदेशवादावर संकुचित राष्ट्रवादाचा आरोप करून कठोर टीका केली. इतके अर्थ संभवतात म्हणून कोणताही अर्थ चालेल, असे मात्र होत नाही.

अर्थाला तीन कसोट्या लावता येतात. त्याचा आधार चित्रात बोट ठेवून दाखवता आला पाहिजे, ही पहिली. त्याने चित्रातील अनेक गोष्टींचा उलगडा व्हावा, एकाच कोपऱ्यावर तो उभा नसावा, ही दुसरी. चित्रकाराच्या काळाविषयी जे निश्चित माहीत आहे, त्याच्याशी त्याचा विरोध नसावा, ही तिसरी. घोडेस्वार हा मृत्यूचा दूत आहे, असे कोणी म्हटले तर पहिल्याच कसोटीवर ते टिकत नाही, कारण त्याच्या आकृतीत किंवा सभोवताली तसे सुचवणारे काही नाही. खाण आणि शेत यांची तुलना मात्र तिन्ही कसोट्यांना उतरते. केवळ ओढीचा अर्थ दुसऱ्या कसोटीवर अपुरा पडतो, कारण त्याने गोल टेकड्यांचा उलगडा होतो, पण कापलेल्या दगडाचा होत नाही.

९. हीच रीत अन्यत्र

ही रीत एका चित्रकारापुरती नाही. भारतीय चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी नागपूरच्या कलाशाळेत आणि पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले, आणि १९४० च्या दशकातील त्यांची मुंबईची जलरंगचित्रे प्रवाही व मोकळी होती. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये भेटलेले फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना चित्रातील बांधणीकडे लक्ष देण्याचा आणि सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले. त्यानंतर लवकरच काढलेल्या फ्रेंच गावांच्या चित्रांत घरे काटेकोर भौमितिक आकारांची झाली, माणसे नाहीशी झाली आणि काही चित्रांत आकाशात काळा सूर्य आला. या चित्रांसमोरही अशी घरे कोठे असतात हा प्रश्न फार दूर नेत नाही. सर्व काही कोनांनी बांधलेले असताना तो एकटा वाटोळा सूर्य काळा का आहे, हा प्रश्न चित्राच्या आत नेतो.

म्हणून वाचकाने पुढच्या वेळी शैलीबद्ध निसर्गचित्रासमोर उभे राहिल्यावर शेजारची माहितीपट्टी लगेच वाचू नये. चित्रकाराने कोणता नियम पाळला आहे हे आधी स्वतः एका वाक्यात सांगून पाहावे, तो नियम जेथे मोडला आहे तेथे बोट ठेवावे, आणि मगच चित्रकाराचे नाव, वर्ष आणि स्थळ पाहून आपला तर्क तपासावा. तर्क चुकला तरी या खटाटोपात चित्र नीट पाहून झालेले असते, आणि निसर्गचित्राच्या वाचनाला याहून अधिक भांडवल लागत नाही.